धडाचा हुकूम

खळमामांनी अठ्ठावीस वर्षं कोर्टात बेलिफगिरी केली आणि त्या अठ्ठावीस वर्षांत त्यांचा एकही कागद न बजावता परत आला नाही. हे ते स्वतःच सांगत. कुणी विचारो, न विचारो. न्हाव्याच्या खुर्चीत सांगत, दवाखान्याच्या बाकावर सांगत, आणि एकदा दात काढायला गेले होते तेव्हा तोंडात कापूस असतानाही सांगत होते म्हणे.

बेलिफाचं काम ऐकायला सोपं. कोर्टाचा कागद ज्याच्या नावाचा, त्याच्या हातात ठेवायचा, मागे सही घ्यायची आणि ती सही आणून दाखवायची. पण कोर्टाचा कागद हौसेनं घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय. साहेब अंघोळीला गेलेत, साहेब गावाला गेलेत, साहेब झोपलेत. आणि हे सांगायला दारात साहेबच उभे! अशा वेळी कायद्यानं बेलिफाला एक हत्यार दिलंय. दोन साक्षीदार उभे करायचे आणि कागद दारावर चिकटवायचा. चिकटला की पोचला. मग आतल्यानं बोंब मारली तरी उपयोग नाही.

म्हणून मामांच्या सायकलला दोन डबे लटकलेले असत. एकात जेवण, एकात मैद्याची खळ. सरकारी डिंकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. खळ मामी रोज सकाळी शिजवत आणि रोज तेच बोलत, "लोकांच्या बायका नवऱ्याला एक डबा देतात, माझ्या नशिबी दोन." एकदा घाईत डबे बदलले होते. त्या दिवशी नोटीस कशानं चिकटवली, हे मामांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. 'खळमामा' हे नाव पडलं ते असं. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत.

ही गोष्ट आहे देशाची घटना लिहिली जात होती त्या वर्षातली. जुने राज्यकर्ते गेले होते, नवे खुर्चीत नीट टेकायचे होते, पण जुन्यांचा एक कायदा मात्र सगळ्यांना आवडून तसाच राहिला होता. तीन ओळींचा होता. संशय आला की धरा, कारण सांगायची गरज नाही. कोर्टाच्या इमारतीचा वरचा मजला घटना समितीला दिला होता. दिवसभर वरून टाइपरायटरची खडखड आणि भांडणं ऐकू यायची. खाली जुन्या कायद्यानं माणसं आत जात होती आणि वर नवा कायदा शिजत होता. दोन मजल्यांमध्ये एकच जिना होता आणि त्यावरून बहुतेक वेळा फक्त चहा जात असे.

एका मंगळवारी सकाळी दहाला शिवणकामवाली ताई आली. वकिलांचे काळे कोट शिवणारी. सगळं कोर्ट तिला ओळखायचं. हातावर एक नवा कोरा कोट होता, दुसऱ्या हातात अर्ज. तिचा धाकटा भाऊ छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचा. कुणीतरी सरकारविरुद्ध पत्रक लिहिलं, त्यानं फक्त त्याचे खिळे जुळवले. लिहिणारा पळाला, जुळवणारा सापडला. एकोणीस दिवस तो तुरुंगात होता. आणि आज दुपारी चारच्या भरतीला जहाज सुटणार होतं. तुरुंगातल्या झाडूवाल्यानं तिला पहाटे येऊन सांगितलं, की तिचा भाऊ त्या जहाजात आहे.

जहाज बेटावर जायचं. बेट आपल्याच देशाचं, पण तिथं कोर्ट नाही आणि इथल्या कोर्टाचा कागद तिथं चालत नाही. गेलेला माणूस परत आला, असं कुणी ऐकलं नव्हतं.

"वकील कोण?" हेडक्लार्कनं विचारलं.

"कुणी घेईना केस," ताई म्हणाली. "सगळ्यांच्या छातीचं माप आहे माझ्याकडे. अडतीस, चाळीस, बेचाळीस. आत मात्र काही नाही!"

हेडक्लार्कनं अर्ज चष्म्याजवळ नेला. "यावर कैद्याची सही नाही."

"अहो, तो कोंडलाय! सही करायला आला असता तर अर्ज कशाला केला असता?"

मामा दारात उभे होते, त्यांना हसू आवरेना. आतून जजबाईंनी ऐकलं आणि अर्ज मागवून घेतला. मग जुन्या फायली बघायला रेकॉर्डवाल्या आजोबांना बोलावलं. आजोबा सत्तरीचे, तळघरात बसणारे, उजेडात आले की डोळे मिचकावायचे. अर्ज वाचला आणि त्यांच्या अंगात एकदम वीसच्या वयाचं वारं शिरलं.

"धडाचा हुकूम मागतेय ही! बाईसाहेब, चाळीस वर्षांत कुणी मागितला नव्हता हो! आहे, नमुना आहे माझ्याकडे!"

कागदावर त्या हुकुमाचं नाव हातभर लांब. कोर्टातले जुने लोक त्याला 'धडाचा हुकूम' म्हणत. म्हणजे काय, तर ज्याला धरलंय त्याचं धड माझ्यासमोर उभं करा आणि कोणत्या कायद्यानं धरलंत ते सांगा. मुंडक्यासकट, अशी पुस्ती मामा जोडत.

नमुना शोधता शोधता आजोबांची गाडी सुटली. "मामा, गंमत ऐका. हा हुकूम जन्माला आला तो माणसं सोडवायला नव्हेच! दूरच्या देशात, सातशे-आठशे वर्षांपूर्वी, राजाचं कोर्ट हा काढायचं ते माणूस धरून आणायला. अमक्याला उचला आणि आणा! पुढं कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की कोर्ट कुणालाही आणवू शकतं, तर तुरुंगातूनही आणवू शकतं. आणि आणल्यावर विचारूही शकतं, का धरलं? झालं! ज्या दोरीनं माणूस बांधायचे त्याच दोरीनं तो वर ओढायला लागले."

"मग राजानं चालू दिलं?"

"कसलं! दरबारातल्यांनी पळवाट काढली. कैदी समुद्रापलीकडं बेटांवर पाठवायचे, तिथं हुकूम पोचायचा नाही. तीही वाट त्या लोकांनी कायदा करून बुजवली. आपण त्यांच्याकडून हुकूम घेतला, बुजवलेली वाट घ्यायची विसरलो." आजोबांनी फायलीवरची धूळ फुंकली, ती सगळी मामांच्या तोंडावर गेली.

सव्वाअकराला हुकूम निघाला. तुरुंगाधिकाऱ्याच्या नावे. पाचच्या आत माणूस हजर करा.

मामा सायकलवर असे निघाले, की चौकातला पोलीस शिट्टी मारायची विसरला. तुरुंगाधिकारी मोठा गोड माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद दोन्ही हातांनी घेतला. मामा तर चाटच पडले! अठ्ठावीस वर्षांत इतक्या प्रेमानं कागद कुणी घेतला नव्हता. अधिकाऱ्यानं मागच्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सदर इसम आज सकाळी नऊ वाजता पोलीस कोठडीकडे वर्ग. आमच्या ताब्यात नाही.' खाली सही, शिक्का, तारीख, वेळ. शिक्का तर असा उठला होता, की फ्रेम करून लावावा.

मामा परत आले, ते फुलून. साडेबाराला जजबाईंच्या टेबलावर कागद ठेवला आणि मागे सरकून उभे राहिले. कौतुकाची वाट बघत.

जजबाईंनी कागद उलटा केला, वाचला, आणि वर बघितलं.

"मामा, माणूस कुठाय?"

"बाईसाहेब, सही आणलीय."

"मी सही मागितली नव्हती. माणूस मागितला होता."

बस्स. एवढंच बोलल्या त्या. आवाज चढला नाही, काही नाही. पण मामांच्या पायाखालची जमीन सरकली. अठ्ठावीस वर्षं सही आणली की काम संपायचं. सही म्हणजेच काम. आज सही आणली होती, अगदी देखणी सही, आणि माणूस तिकडं दुसऱ्या गाडीत बसून चालला होता. कोपऱ्यातल्या बाकावर ताई बसली होती. तिनं मांडीवरच्या कोटाची घडी घातली, मोडली, परत घातली. मामांना वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"दुसरा हुकूम द्या, बाईसाहेब," ते म्हणाले. "आत्ता द्या. पण कुणाच्या नावे काढणार? कोठडीच्या नावे काढलात तर मी पोचेपर्यंत ते तिसरीकडं हलवतील. चेंडू खेळतायत ते."

जजबाईंनी पेन उचललं, थांबल्या, आणि मग स्वतःच्या हातानं लिहिलं, 'ज्याच्या कुणाच्या ताब्यात हा माणूस असेल, त्यास.'

"असा नमुना नाही, बाईसाहेब," हेडक्लार्क कळवळून म्हणाला.

"आता आहे."

मामांनी कागद घेतला, डबा घेतला आणि ताईला म्हणाले, "चल. तुझ्या भावाला मी ओळखत नाही. परत चुकीचा ऐवज घेऊन यायचो."

चोपन्न वर्षांचे मामा, मागे कॅरियरवर ताई, ताईच्या कुशीत तो काळा कोट, हँडलला खळीचा डबा. अशी ती वरात कोठडीवर पोचली तेव्हा दीड वाजला होता. ठाणे अंमलदारानं जांभई देत सांगितलं, "इथं नाही. गेला."

"कुठं?"

"ते सांगायची मला परवानगी नाही."

बाहेर पहाऱ्यावरच्या शिपायानं मात्र समोर बघत, ओठही न हलवता एकच शब्द टाकला, "बंदर."

बंदर आठ मैल! पहिल्या चढावर चेन उतरली. बसवली. दुसऱ्या चढावर परत उतरली. ताईनं मामांना बाजूला केलं, बोटं काळी करून चेन अशी बसवली, की ती बंदरापर्यंत हलली नाही. "शिवणयंत्र चालवते मी, मामा. हे त्याचंच भावंड," ती म्हणाली. उतारावर मामांनी ब्रेक लावलेच नाहीत. ताई मागून ओरडत होती, "मामा, पोचायचंय हो आपल्याला! जिवंत!" आणि मामा पुढून ओरडत होते, "घट्ट धर! डबा सांभाळ! मी गेलो तरी चालेल, खळ सांडायला नको!"

साडेतीनला जेटी दिसली. जहाजाच्या धुराड्यातून धूर निघत होता. शिडी अजून लावलेली होती, आणि शिडीच्या पायथ्याशी बंदोबस्ताचे साहेब यादी घेऊन उभे होते.

मामांनी कागद पुढं केला. साहेबांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"माझ्या ताब्यात कुणी नाही. जहाजावर चढले की ते कप्तानाचे."

मामा शिडी चढून वर गेले. कप्तान जाडजूड, मिशांना मीठ लागलेला माणूस. "मी माल नेतो," तो म्हणाला. "कुणाचा माल, ते खालच्यांना विचारा." त्यानंही हात खिशात घातले.

मामा खाली आले. साहेबांनी वर बोट दाखवलं. मामा परत वर गेले. कप्तानानं खाली बोट दाखवलं. मामा तिसऱ्यांदा उतरले तेव्हा भोंगा वाजला. पहिला. खलाशी दोर सोडायला धावले.

"ताई, डबा!"

आता मामांना एक गोष्ट माहीत होती, जी बंदोबस्ताच्या साहेबांना माहीत नव्हती. सोळा वर्षांपूर्वी लाकडाच्या एका तंट्यात त्यांनी एका जहाजावर कोर्टाचा कागद चिकटवला होता. जहाजाला दार नसतं. जहाजाचा कागद डोलकाठीवर चिकटवतात. आणि डोलकाठीवर कोर्टाचा कागद असेल तर तो निघेपर्यंत जहाज धक्का सोडत नाही. हा दर्यावर्दी लोकांचा नियम आहे आणि तो प्रत्येक कप्तानाला पाठ असतो.

मामा डबा घेऊन चौथ्यांदा शिडी चढले, आणि यावेळी ते धावले! "अडवा त्याला!" साहेब ओरडले. दोन शिपाई मागं लागले. शिपाई आणि मामा यांच्यामध्ये ताई घुसली आणि शिडीवरच अशी आडवी झाली, की तिला ओलांडायचं म्हणजे पाण्यातच पडायचं. मामा डोलकाठीला भिडले. ब्रश बुडवला, फासला. खळ ओघळून खाली! डोलकाठी खाऱ्या पाण्यानं आणि तेलानं बुळबुळीत झालेली. मामांनी शर्टाच्या बाहीनं पुसलं, रुमालानं पुसलं. कशाचा काही उपयोग होईना. दुसरा भोंगा झाला.

"मामा, सरका!" ताई शिपायांच्या हातातून निसटून वर आली होती. तिनं तो नवा कोरा कोट उलटा केला आणि डोलकाठी अशी खसाखसा पुसली, की लाकूड कोरडं ठणठणीत झालं. "घ्या! वकीलसाहेबांनी केस घेतली नाही, कोट तरी कामाला आला!"

मामांनी खळ फासली, कागद लावला, तळहातानं दाबला आणि फुप्फुसं फाटेपर्यंत ओरडले, "साक्षीदार! दोन साक्षीदार!"

 ताईची साक्ष चालत नाही, अर्ज तिचाच. खलाशी एकमेकांकडं बघतायत. शिपाई मामांच्या दंडाला धरतायत. तेवढ्यात स्वयंपाकखोलीच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं, हातात पळी. "मी पाहिलं!" जहाजाचा आचारी.

"एक झाला! अजून एक! अरे, आहे का कुणी आईचा लाल?"

"मी पण पाहिलं!" आवाज आभाळातून आला. सगळ्यांनी माना वर केल्या. धक्क्यावरच्या क्रेनच्या पिंजऱ्यातून क्रेनवाला हात हलवत होता. "पहिल्यापासून बघतोय, मामा! लई भारी!"

कप्तानानं डोलकाठीजवळ येऊन कागद वाचला. मग इंजिनवाल्याला हात केला. इंजिन बंद झालं.

"फाडा तो कागद!" बंदोबस्ताचे साहेब वर आले होते, लालबुंद झालेले.

"तुम्ही फाडा," कप्तान म्हणाला. "तुमच्या हातानं. मी फक्त जहाजाच्या वहीत तुमचं नाव आणि वेळ लिहितो. माझं लायसन्स आहे, साहेब. मला अजून दहा वर्षं बोट चालवायचीय."

साहेबांचा हात पुढं आला आणि तिथंच राहिला. ज्या माणसानं मघाशी कागद हातात घ्यायला नको म्हटलं, तो आता फाडायला तरी कशाला हात लावतोय!

जहाजाच्या पोटातल्या कोठाराची झडप उघडली. ताईचा भाऊ वर आला, उजेडानं आंधळा झालेला, दाढी वाढलेली. ताईनं त्याला मिठी मारली नाही. आधी त्याचे खांदे चाचपले, मग दंड, मग पाठ. माप घ्यावं तसं. मग रडली. मामांनीही तोंड फिरवलं, आणि तोंड फिरवलं तेव्हा त्यांची नजर झडपेत गेली.

खाली माणसं होती. वर बघणारे चेहरे. मामांनी मोजले. अकरा.

"आणि हे?" त्यांनी कप्तानाला विचारलं.

"कागदावर किती नावं आहेत?"

"एक."

"मग एक," कप्तान म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता, हेच वाईट होतं. "हुकूम पाळला, मामा. आता कागद काढा. भरती थांबत नाही."

मामांनी वाद घातला. पण कशावर घालणार? कागद त्यांनीच आणला होता. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चिकटवलेला कागद त्यांनी स्वतः सोलून काढला, नखानं, कोपऱ्यापासून. मामींची खळ पक्की होती, लवकर निघेना. जहाज सव्वाचारला सुटलं, त्या अकरा जणांना घेऊन.

बंदोबस्ताची गाडी ऐन वेळी बिघडली म्हणे. क्रेनवाल्यानं बर्फाची लॉरी मिळवून दिली. बर्फाच्या लाद्यांवर चौघे बसले. मामा, ताई, भाऊ आणि दात वाजवणारे बंदोबस्ताचे साहेब, कारण माणूस हजर करायची जबाबदारी आता त्यांचीच होती. लॉरी सुटली तसा भाऊ बोलायला लागला. पाणी मागितलं नाही, भाकरी मागितली नाही. "ताई, लिहून घे," म्हणाला. "अंधारात सगळ्यांनी मला नावं सांगितली. मी जुळवून ठेवलीत. लवकर लिही, नाहीतर विस्कटतील." खिळे जुळवणारा माणूस. ओळच्या ओळ डोक्यात धरून ठेवायची सवय. ताईकडं कागद नव्हता, पण शिंप्याच्या पिशवीत खडू असतोच. तिनं कोटाचं काळं अस्तर मांडीवर पसरलं आणि तो सांगेल तसं लिहीत गेली. दोन हमाल. एक न्हावी. शाळामास्तर. बाप आणि लेक. घड्याळं दुरुस्त करणारा. नाव आणि धंदा, नाव आणि धंदा, अकरा ओळी.

पाचला आठ मिनिटं कमी असताना ते कोर्टाच्या पायऱ्या चढले. वरच्या मजल्यावर बातमी पोचली होती. घटना समितीचे सभासद त्या एका जिन्यावर दाटीवाटीनं उभे होते.

"कोण तुम्ही?" जजबाईंनी विचारलं.

भावानं नाव सांगितलं. खणखणीत.

"याला कोणत्या कायद्यानं धरलंत?"

"वरून सांगितलं होतं," बंदोबस्ताचे साहेब म्हणाले.

"कागद?"

साहेबांनी खिसे चाचपले. दिवसभर कागद हातात घ्यायचा नाही म्हणून हात लपवत फिरलेला माणूस, त्याच्याकडं कागद कुठून असणार?

"घरी जा," जजबाई भावाला म्हणाल्या. आणि जिन्यावरच्या थोर थोर मंडळींनी शाळेतल्या पोरांसारख्या टाळ्या पिटल्या.

मामा टाळ्या वाजवत नव्हते. त्यांच्या डोक्यात ती झडप होती.

पंधरा दिवसांनी समितीनं त्यांना वर बोलावलं. अठ्ठावीस वर्षांत मामा तो जिना पहिल्यांदा चढले. अध्यक्षांनी अगदी आदरानं विचारलं, "मामा, हा हुकूम कोर्टाच्या रिवाजात आहेच. परवा आपण पाहिलंच. मग घटनेत वेगळं कलम कशाला हवं, असं काही सभासदांचं म्हणणं आहे."

मामांनी पिशवीतून कोट काढला आणि टेबलावर उलटा पसरला. खडू पुसला जाईल म्हणून ताईनं अकराही नावं पांढऱ्या दोऱ्यानं भरून काढली होती.

"रिवाजानं एक सुटला, साहेब," मामा म्हणाले. "अकरा गेले. तोही सुटला तो कशानं? बाईसाहेबांनी नमुना मोडला, कप्तानाला लायसन्सची भीती होती, आणि माझ्या बायकोची खळ चांगली होती. दर वेळी खळ कुठून आणणार? पक्कं लिहा. जिथवर आपला झेंडा, तिथवर हुकूम चालेल, बेटावरसुद्धा. ज्याच्या कुणाच्या ताब्यात असेल त्याच्यावर चालेल. आणि कागद नको, माणूस हवा, असंच लिहा. माझ्यासारखा शहाणा परत सही घेऊन यायचा."

एक सभासद म्हणाले, "ठीक. पण अर्ज कैद्यानं किंवा जवळच्या नातेवाइकानं करावा. नाहीतर कुणीही रिकामटेकडा उठेल आणि अर्ज करेल."

"करू द्या की!" मामांचा आवाज इतका चढला, की टाइपरायटर थांबले. "मी यातल्या सगळ्यांचा तपास करून आलो. चौघांचं कुणी नाही. घर नाही, बायको नाही, विचारणारं काळं कुत्रं नाही. हा न्हावी अनाथाश्रमात वाढला. ज्याचं कुणी नाही त्याला कोण मागणार, साहेब? तो जहाजातच जाणार का?"

 मग तीन दिवस वर भांडणं झाली, चहाच्या किटल्याच्या किटल्या गेल्या, आणि कलम झालं. 'कोणीही' हा शब्द सात मतांनी टिकला.

घटना अमलात आली त्याच्या आदल्या आठवड्यात मामांनी राजीनामा दिला. कारण बेलिफाला स्वतः अर्ज करता येत नाही. मामींनी डोक्याला हात लावला. "दोन वर्षं राहिली होती! नातेवाईक आहेत का ते आपले?" असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीनं खळ शिजवली, मामांना रिकाम्या हातानं बसलेलं बघितलं, आणि स्टोव्ह बंद केला. "जा मग," म्हणाल्या. "पण सगळ्यांचे अर्ज एकदमच करा. परत परत हेलपाटे नकोत."

पहिल्या दिवशी पहिल्या खिडकीवर मामा पहिले होते. हेडक्लार्कनं छापील नमुना समोर ओढला.

"पहिला कैदी, न्हावी. तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाही."

"दुसरा. नातं?"

"काही नाही."

असं अकरा वेळा झालं. अकराव्यांदा हेडक्लार्कनं न विचारताच शिक्का मारला.

सहा आठवड्यांनी तेच जहाज त्याच धक्क्याला लागलं. जेटीवर ही गर्दी! क्रेनवाला पिंजऱ्यातून ओरडत होता, "आले! आले!" ताई, तिचा भाऊ, मामी, रेकॉर्डवाले आजोबासुद्धा उन्हात डोळे मिचकावत उभे होते. बाप आणि लेक हातात हात घालून उतरले. मास्तर उतरले आणि त्यांची बायको धक्क्यावर मटकन खालीच बसली. मामा मोठ्यानं मोजत होते. दहा उतरले. घड्याळवाला दुसऱ्याच महिन्यात तापानं गेला होता. त्याच्या नावाचा एक कागद कप्तानानं पुढं केला, आणि मामांना तो हातात घ्यायला बराच वेळ लागला.

माणसं आपापल्या माणसांबरोबर निघून गेली. न्हावी मागं राहिला. चाळिशीचा, वाळलेला, हातात एक गाठोडं. त्यानं सगळीकडं बघितलं. मग कुणीतरी त्याला मामा दाखवले असावेत. तो जवळ आला.

"तिथं मला वाचून दाखवलं," तो म्हणाला. "तुम्ही मला मागितलं म्हणून. मी खूप आठवलं. तुमची दाढी मी कधी केली नाही. तुमचं-माझं काही नातं आहे का?"

अठ्ठावीस वर्षं अखंड बोललेल्या मामांनी त्याच्या हातातलं गाठोडं आपल्या हातात घेतलं. मामी मागून ढोसत होत्या, "अहो, बोला की!"

"आहे," मामा म्हणाले. "मी तुझा अर्जदार."